अल्मेडा, 26 ऑगस्ट 1810: तट शाबूत आणि बालेकिल्ला गायब

वेढा पडला की किल्ला कसा जातो हे आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ असतं. सुरुंग लागतो, तटाला खिंडार पडतं, दाणागोटा संपतो, नाहीतर आतलाच कोणीतरी फितूर होऊन चोरदिंडी उघडतो. पोर्तुगालच्या पूर्व सीमेवरचा अल्मेडा 1810 च्या ऑगस्टमध्ये फ्रेंचांच्या हाती गेला तेव्हा यातलं एकही कारण नव्हतं. तट जवळजवळ जसाच्या तसा उभा होता, धान्य होतं, शंभराच्या वर तोफा होत्या, चार-पाच हजार माणूस आत होतं, आणि फितुरी झाली ती सगळं संपल्यावर झाली. तरी पहिला गोळा पडल्यापासून दोन दिवसांच्या आत किल्लेदाराने सही केली. का, तर किल्ल्याच्या आत, गावाच्या मधे असलेला जुना, मध्ययुगातला बालेकिल्ला एका क्षणात उडाला, कारण सगळी दारू त्याच्यात भरून ठेवलेली होती.

माझं म्हणणं असं आहे की ही नुसती कमनशिबाची गोष्ट नाही. त्या संध्याकाळी पडलेला गोळा नशिबाचा होता, मान्य. पण तो जिथे पडला तिथे दारू का होती, याचं उत्तर शोधायला पाचशे वर्षं मागे जावं लागतं.

सॅटेलाइट नकाशावर अल्मेडा शोधून बघा, एकदा बघितलं की विसरत नाही. शेतं, माळ, मधेच एक नक्षीदार तारा कोणीतरी जमिनीवर कोरून ठेवल्यासारखा. सहा मोठे कोनदार बुरूज, त्यांच्या मधे खंदकात सुटे त्रिकोणी बुरूज तेही सहा, भोवती कोरडा खंदक, आणि पोटात अख्खं गाव. परीघ साधारण अडीच किलोमीटर. आता झूम करा आणि ताऱ्याच्या आत वायव्येकडच्या भागात बघा, घरांच्या मधे एक उघडी जागा दिसते, चौकोनी खड्डा आणि दगडी पाया. तोच तो बालेकिल्ला, म्हणजे त्याचं जे काय उरलंय ते.

आता सुरुवातीपासून.

हा मुलुख म्हणजे रिबा-कोआ, कोआ नदीचा काठ. उंच पठार, समुद्रसपाटीपासून साधारण 760 मीटर, ग्रॅनाइटचा खडक, वर मातीचा पातळ थर (हा थर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). अल्मेडा हे नाव अरबीतल्या 'अल-माइदा' वरून आलं असं साधारण मानतात, माइदा म्हणजे मेज, टेबल, म्हणजे पठारच. वसईकडच्या किंवा गोव्यातल्या वाचकांना हे नाव आडनाव म्हणून माहीतच आहे, प्रत्येक चर्चच्या रजिस्टरात चार-दोन अल्मेडा सापडतील.

तेराव्या शतकात इथली सीमा म्हणजे कोआ नदी होती. नदीच्या पूर्वेचे किल्ले लिओन-कॅस्टिलच्या राजाकडे, पश्चिमेचा मुलुख पोर्तुगालकडे. मग 1297 साली पोर्तुगालच्या दिनिश राजाने डाव साधला. कॅस्टिलच्या गादीवर तेव्हा चौथा फेर्नांदो, म्हणजे पोरगं होतं, कारभार आई मारिया दे मोलिना बघत होती, घरात भाऊबंदकी माजलेली. दिनिशने दबाव टाकला आणि 12 सप्टेंबर 1297 ला अल्कान्यिसेस इथे तह झाला. त्या तहात साबुगाल, आल्फायातिश, व्हिलार मायोर, कास्तेलु बों, अल्मेडा, कास्तेलु रोद्रिगु वगैरे किल्ल्यांची रांगच्या रांग पोर्तुगालला मिळाली. एका सहीत सीमा नदीवरून उचलून पूर्वेला पठारावर नेली. पोर्तुगाल-स्पेनची ही हद्द पुढे फारशी बदललीच नाही, युरोपातल्या सगळ्यात जुन्या टिकलेल्या सीमांमध्ये तिला धरतात.

पण यात एक गोची होती, आणि अल्मेडाच्या पुढच्या सगळ्या भानगडींचं मूळ मला तिथेच दिसतं. आधी हद्द नदी होती. कोआची घळ खोल आहे, काठ कडेलोटाचे, पूल मोजके, निसर्गानेच खंदक खणून दिलेला. आता हद्द पठारावर आली, आणि नदी गेली किल्ल्याच्या पाठीमागे. म्हणजे समोरून शत्रू येणार तर मधे अडथळा काही नाही, आणि मागे पळायचं तर घळ उतरून एकच अरुंद पूल. निसर्ग देत नव्हता ती भिंत माणसाने बांधायची, आणि दर दोन-तीनशे वर्षांनी पुन्हा बांधायची, हे अल्मेडाचं भोगच म्हणा.

दिनिशने किल्ला नव्याने बांधून काढला. त्या काळाचा किल्ला म्हणजे उंच, सरळसोट, जाड दगडी भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, वर चर्या. शत्रू शिड्या लावणार, बाण मारणार, दगड फेकणार, तर उंची हेच संरक्षण. मग पंधराशेच्या आसपास मानुएल राजाच्या वेळी परत दुरुस्ती झाली, आणि तेव्हाचं चित्रच आपल्याकडे आहे ही मोठी गंमत. दुआर्ते द आर्माश नावाच्या माणसाला राजाने 1509 च्या सुमाराला सीमेवरचे सगळे किल्ले बघून, मोजून, काढून आणायला पाठवलं. हा गडी दक्षिणेच्या कास्त्रु मारींपासून उत्तरेच्या कामिन्यापर्यंत अख्खी हद्द फिरला आणि प्रत्येक किल्ल्याची साधारण दोन बाजूंनी चित्रं आणि एक नकाशा असं काढत गेला. त्यात अल्मेडा आहे. घोळक्याने बसलेली घरं आणि त्यांच्यावर डोकं काढून उभा असलेला किल्ला. ट्रेकिंगवाल्यांनी आणि किल्लेवेड्यांनी ही चित्रं आवर्जून बघावीत, आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांचं त्या काळातलं असं एक पुस्तक असतं तर काय पाहिजे होतं, असं दर वेळी वाटतं.

असो. तोफा आल्या आणि उंची हा गुण होता तो दोष झाला. उंच भिंत म्हणजे लांबून दिसणारं मोठं लक्ष्य, गोळा बसला की वरचा भाग खाली, आणि ढिगाऱ्याचाच चढ तयार, त्यावरून शत्रू चालत वर. शिवाय गोल किंवा चौकोनी बुरजाच्या अगदी पायथ्याशी एक आंधळा कोपरा राहतो, वरून वाकल्याशिवाय तिथला माणूस दिसत नाही, आणि वाकलं की खालून गोळी. यावर इटलीत जो तोडगा निघाला तो म्हणजे तट बुटका करायचा, जाड करायचा, पाठीमागे माती भरायची म्हणजे गोळा आत रुतून बसेल, आणि बुरूज बाणाच्या टोकासारखे कोनात काढायचे, असे की प्रत्येक बुरजाची बाजू शेजारच्या बुरजावरून तोफेच्या माऱ्यात यावी. आंधळा कोपरा शिल्लकच नाही. खंदकाच्या पलीकडे जमीन बाहेरच्या बाजूला हळूहळू उतरती करायची, म्हणजे लांबून बघणाऱ्याला तटाचा फक्त वरचा काठ दिसतो आणि चालून येणाऱ्याला लपायला एक झुडूपही नाही.

अल्मेडाला हे सगळं आलं ते 1640 नंतर. साठ वर्षं स्पेनच्या राजाखाली राहिल्यावर पोर्तुगालने डिसेंबर 1640 मध्ये बंड केलं, आपला राजा बसवला, आणि दुसऱ्याच वर्षी सीमेवर घाईघाईने बांधकामं सुरू झाली. अल्मेडाचा तारा हा 1641 पासूनचा, पुढे कित्येक दशकं चालू असलेला उद्योग. बुरजांना संतांची नावं दिली: सांव फ्रांसिस्को, सांव पेद्रो, सांतो आंतोनियो, सांता बार्बरा, सांव जुआंव द देउश, आणि ब्रोताशची माता. सांता बार्बरा ही तोफखान्याची, दारूगोळ्याची, विजेची संत आहे. अल्मेडाच्या बाबतीत तिचं लक्ष कुठे होतं कोण जाणे.

आता मुद्द्याची गोष्ट. नवा तारा बांधला तो जुन्या किल्ल्याला *वगळून* नाही, त्याला *पोटात घेऊन*. नवीन तट पुढे, गाव मधे, आणि गावाच्या मधे जुना किल्ला तसाच. हे काही नवलाचं नाही. वसईच्या किल्ल्यात गेलेल्यांनी हेच बघितलंय, 1536 चा छोटा चौकोनी सांव सेबास्तियांव किल्ला आतमध्ये आणि त्याच्याभोवती नंतरचा मोठा, कोनदार बुरुजांचा तट. तीच माणसं, तीच पद्धत. जुनं पाडायला खर्च येतो, आणि जाड भिंतींची दगडी इमारत कोण पाडेल? वापरा की कशालातरी. कशाला? जिथे जाड भिंती लागतात, जिथे कुलूप-पहारा लागतो, जे शत्रूपासून सगळ्यात लांब, मधोमध हवं अशा गोष्टीला. म्हणजे दारूकोठाराला.

कागदावर हे बिनचूक वाटतं. ज्याने हा निर्णय घेतला तो काही मूर्ख नव्हता, हे मला आवर्जून सांगायचंय. सरळ रेषेत येणाऱ्या गोळ्याचा विचार केला तर गावाच्या मधली, तटाआडची, जाड भिंतींची जागा खरंच सुरक्षित. गडबड होते ती गरनाळांच्या माऱ्याने. गरनाळ, म्हणजे आखूड तोंडाची तोफ, गोळा वर आभाळात फेकते आणि तो तटाला ओलांडून वरून खाली पडतो, आणि तो भरीव नसतो, कुलपी गोळा असतो, आत दारू, वर जळती वात, पडून फुटणारा. अशा गोळ्याला तुमचा तट किती छान आहे याच्याशी देणंघेणं नाही. त्याला मधोमध काय आणि कडेला काय. उलट मधोमध, आणि त्यातही आजूबाजूच्या छपरांवर डोकं काढून उभी असलेली इमारत म्हणजे नेम धरायला खूणच.

मधल्या काळात किल्ल्याने दोन-तीन प्रसंग बघितले. 1663 च्या जुलैत ओसुनाच्या ड्यूकने चढाई केली ती परतवली, त्याचा 2 जुलै हा दिवस गाव अजून साजरा करतं. दुसऱ्या वर्षी हाच ड्यूक जवळच कास्तेलु रोद्रिगुला सपाटून मार खाऊन गेला. 1762 ला मात्र स्पॅनिश फौजेने नऊ दिवसांच्या वेढ्यात, 25 ऑगस्टला अल्मेडा घेतला, दुसऱ्या वर्षी तहात परत दिला. म्हणजे तारा असला म्हणून किल्ला अजिंक्य होतो असं काही नाही हे तेव्हाच कळलं होतं. बालेकिल्ल्यातल्या दारूचा प्रश्न मात्र त्या वेळी उघडाच पडला नाही, आणि जे उघड पडत नाही ते दुरुस्त कोण करतो.

आता 1810. नेपोलियनने मार्शल मासेनाला साधारण 65,000 ची फौज देऊन पोर्तुगालवर पाठवलं, काम एकच, वेलिंग्टनच्या इंग्रज फौजेला समुद्रात ढकला. वाटेत हद्दीच्या दोन बाजूंना दोन किल्ले समोरासमोर: स्पेनच्या बाजूला सिउदाद रोद्रिगो, पोर्तुगालच्या बाजूला अल्मेडा. वेलिंग्टनचं सगळं गणित वेळेवर उभं होतं. लिस्बनच्या उत्तरेला तोरेस वेद्रासची तटबंदीची ओळ गुपचूप बांधली जात होती, शेतातलं पीक-पाणी, गुरंढोरं हलवायची होती, शरदातला पाऊस सुरू झाला की रस्ते चिखलात जाणार होते. जितके दिवस किल्ले लढतील तितके दिवस हातात. सिउदाद रोद्रिगो जुनाट तटाचा, तरी एप्रिलच्या शेवटापासून 10 जुलैपर्यंत झुंजला. अल्मेडा तर त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला किल्ला, तो निदान तितका तरी टिकेल असा हिशोब, आणि हिशोब चुकीचा नव्हता.

किल्लेदार होता ब्रिगेडियर विल्यम कॉक्स, पोर्तुगीज सेवेतला ब्रिटिश अधिकारी. हाताखाली 24 वी पोर्तुगीज पायदळ रेजिमेंट, गावोगावच्या मिलिशियाच्या तीन पलटणी, तोफखाना. 24 जुलैला किल्ल्याबाहेर वेलिंग्टनच्या क्रॉफर्ड या सेनापतीची लाइट डिव्हिजन नदीच्या अलीकडेच थांबून राहिली आणि 'ने' (Ney) नावाचा फ्रेंच मार्शल तिच्यावर तुटून पडला, पाठीमागे घळ आणि एकच पूल, वर म्हटलं ना तीच गोची, जेमतेम निभावून ती फौज पुलापलीकडे गेली, मग त्याच पुलावर चढाई करताना फ्रेंचांचेही शेकड्यांनी पडले. त्यानंतर किल्ला एकटा.

फ्रेंचांना घाई होती पण जमीन साथ देईना. 15 ऑगस्टच्या रात्री चर खणायला सुरुवात केली तर मातीचा थर फूट-दीड फूट, खाली ग्रॅनाइट. खडक दारूने फोडून चर खणायचे, मातीची पोती लांबून आणायची. अकरा दिवस यात गेले. आतून कॉक्सच्या तोफा चालूच. दक्षिण-पूर्वेच्या सांव पेद्रो बुरजासमोर अकरा मोर्चे तयार झाले, पन्नासच्या वर तोफा आणि गरनाळा चढवल्या.

26 ऑगस्ट, सकाळी सहा. मारा सुरू झाला. दिवसभर दोन्हीकडून. गावात घरं पेटली, पण तटाचं काय? काही विशेष नाही. तार्‍याने आपलं काम चोख केलं, मातीने गोळे गिळले, सांव पेद्रोच्या काही तोफा गप्प झाल्या, खिंडार वगैरे कुठेही नाही. संध्याकाळपर्यंतची स्थिती बघितली तर हा किल्ला आठवडे काढणार असंच कोणीही म्हटलं असतं.

संध्याकाळी सातच्या सुमाराला बालेकिल्ला उडाला.

कसा, याची एका वाचलेल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याकडून आलेली हकीकत अशी. तटावरची दारू दिवसभरात संपत आली होती, म्हणून बालेकिल्ल्याच्या चौकात जनावरांवर पिंपं लादून तटाकडे न्यायचं चाललं होतं. कोठाराचं दार उघडं. एक पिंप गळकं. ते बाहेर काढताना दारापासून चौकापर्यंत दारूची बारीक रेघ सांडत आली. त्याच वेळी चौकात गोळा पडला, फुटला, रेघ पेटली, आणि आग रेघेवरून चालत आत गेली. आत सुमारे 68,000 किलो दारू, भरून ठेवलेले हजारो तोफेचे बार, दहा लाखांच्या आसपास बंदुकीची काडतुसं.

बालेकिल्ला गेला. शेजारचं मुख्य चर्च गेलं. गावातल्या घरांची छपरं गेली. पाचशे-सहाशे माणसं जागच्या जागी मेली, त्यात तटावरचे बरेच गोलंदाज होते, शेकडो जखमी. दगड इतक्या लांब उडाले की बाहेर चरात बसलेली फ्रेंच माणसंही त्याखाली मेली. अल्कान्यिसेसच्या तहापासून उभा असलेला किल्ला एवढ्या वेळात संपला जेवढ्या वेळात हे वाक्य वाचून होतं.

आणि तट? तट उभाच. ताऱ्याचे सहाही कोपरे जागेवर. शत्रूला आत यायला वाट नव्हतीच. फक्त तटावरच्या तोफांत घालायला दारू नव्हती, हाताशी असलेली मोजकी पिंपं आणि तटावरच वाटून ठेवलेले बार, एवढ्यात एखाद दिवस निघाला असता.

इथे थोडं थांबून कडी-कडी करून बघू या, कारण प्रकरणाचा जीव इथे आहे. गळकं पिंप ही रोजची गोष्ट, ते कुठल्याही कोठारात असणार. चौकात गोळा पडणं हा अपघात, पण दिवसभर शेकडो गोळे पडत असतील तर तो कधीतरी पडणारच. उघडं दार हा निष्काळजीपणा म्हणाल, पण सकाळपासून तोफा चालवून तटावरची दारू संपली, आता दार उघडणार नाही तर काय करणार. या तिन्ही गोष्टी तोफांच्या माऱ्यात एका वेळी जुळून येणं अजिबात दुर्मिळ नाही. दुर्मिळ काय होतं, तर त्या जुळून आल्यावर *सगळं* एकदम जाणं. तेच कोठार चार ठिकाणी विभागलेलं असतं, सहा बुरुजांच्या पोटात थोडं थोडं असतं, तर एक बुरूज उडाला असता, दोनेकशे माणसं गेली असती, लढाई चालू राहिली असती. गंमत म्हणजे सांव जुआंव द देउश बुरजाच्या पोटात गोळ्यांना दाद न देणारी, जाड छताची तळघरं होती, आजही आहेत, आत जाता येतं. म्हणजे किल्ल्यात चांगली जागा नव्हतीच असं नाही. आता त्या तळघरांत माणसांना आसरा द्यायचा की दारू ठेवायची हा प्रश्न कुठल्याही किल्लेदाराला अवघडच, आणि कॉक्सला किल्ला जसा मिळाला तसा मिळाला, वेढ्याच्या तोंडावर इतकी दारू हलवणं हे काय सोपं काम आहे? म्हणून मी कॉक्सला यात कमी दोष देतो. दोष त्या सवयीचा, की बालेकिल्ला जुना झाला, लढाईला निरुपयोगी ठरला, पण 'बालेकिल्ला' हा मान काही सुटला नाही, सगळ्यात मोलाची वस्तू त्याच्याच पोटात. ताऱ्याच्या सगळ्या आखणीचा अर्थ असा की किल्ल्याला आता मध्य असा उरला नाही, कडाच सगळं काही. आणि दारू ठेवली मध्यात.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते दु:खद आहे आणि थोडं लाजिरवाणंही.

कॉक्सने रात्रभर तट धरून ठेवला, फ्रेंचांनी लगेच शिड्या लावल्या नाहीत. 27 तारखेला मासेनाचा माणूस बोलणी करायला आला. कॉक्सला वेळ काढायचा होता, वेलिंग्टन जवळच आहे, तो काहीतरी करेल ही आशा. पण बोलणी करायला म्हणून बाहेर पाठवलेला तोफखान्याचा मेजर बॅरेरोश याने फ्रेंचांना आतली खरी अवस्था सांगून टाकली आणि तिकडेच राहिला. आता वर म्हटलेली फितुरी ती ही. आत पोर्तुगीज अधिकारी कॉक्सला सांगायला लागले की आता लढण्यात अर्थ नाही, त्यात दुय्यम किल्लेदार कॉस्ता पुढे (इंग्रज-पोर्तुगीज बाजूने त्याला नंतर कोर्टापुढे उभं करून गोळ्या घातल्या). संध्याकाळी मासेनाने परत मारा सुरू केला आणि त्या रात्री कॉक्सने सही केली. 28 ला शिबंदी बाहेर पडली.

अट अशी होती की नियमित सैनिक कैदी, मिलिशियावाले घरी. ती पाळली गेली नाही. फ्रेंचांनी या पोर्तुगीजांना आपल्या बाजूला वळवायचा प्रयत्न केला, आणि ते वळवायचं काम करायला मासेनाच्या छावणीत एक पोर्तुगीज सरदार होताच: आलोर्नाचा तिसरा मार्क्विस. हे नाव वाचून कोकण-गोव्यातल्या लोकांनी कान टवकारले असतील. आलोर्ना म्हणजे पेडण्यातलं आपलं हळर्ण. याच्या आजोबाने, दों पेद्रो मिगेल द अल्मेडाने, गोव्याचा व्हाइसरॉय असताना 1746 साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून हळर्णचा किल्ला घेतला आणि त्याबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्याला 'आलोर्नाचा मार्क्विस' केलं. म्हणजे शापोरा नदीकाठच्या एका छोट्या किल्ल्याच्या नावाची पदवी मिरवणारा, आडनावाने अल्मेडा असलेला माणूस, अल्मेडाच्या पडझडीसमोर उभा राहून आपल्याच देशाच्या सैनिकांना फ्रेंचांकडे या म्हणून सांगतोय. कादंबरीत लिहिलं तर संपादक खोडून टाकेल.

बरेच सैनिक 'हो' म्हणाले. आणि मग पुढच्या काही दिवसांत रात्री-बेरात्री पळून परत वेलिंग्टनच्या फौजेत आले. 'हो' म्हणणं ही सुटायची युक्ती होती असं त्यांचं म्हणणं, इंग्रज अधिकाऱ्यांना ते फारसं पटलं नाही, शपथ म्हणजे शपथ वगैरे. मला विचाराल तर घरदार उडालेल्या, कैदेत फ्रान्सला चालत जायची वेळ आलेल्या मिलिशियाच्या शेतकऱ्याने दुसरं काय करायला हवं होतं?

मासेना 15 सप्टेंबरला पुढे निघाला, 27 सप्टेंबरला बुसाकोच्या डोंगरावर डोकं आपटलं, ऑक्टोबरात तोरेस वेद्रासच्या ओळीसमोर येऊन थबकला, आणि हिवाळाभर उपाशी मरून परत फिरला. म्हणजे अल्मेडा लवकर पडल्याने फ्रेंचांना आठवडे मिळाले, पण त्या आठवड्यांचं सोनं काही झालं नाही.

अल्मेडाचा तारा मात्र अजून उभा होता, आणि त्याचा शेवटचा घास फ्रेंचांनीच घेतला. 1811 च्या मे महिन्यात फुएन्तेस दे ओन्योरोची लढाई झाली, मासेना हरून मागे गेला, किल्ल्यात जनरल ब्रेनिए सुमारे 1,400 माणसांनिशी अडकला. मासेनाने निरोप पाठवला, किल्ला उडवून निघून या. निरोप घेऊन माणसं निघाली, वेषांतर करून गेलेली मारली गेली, आंद्रे तिये नावाचा एक साधा शिपाई गणवेशातच, रात्रभर सरपटत पोचला. ब्रेनिएने बुरुजांखाली सुरुंग भरले, तोफा एकमेकींच्या तोंडावर डागून निकामी केल्या, आणि 10 मेच्या मध्यरात्री बत्ती देऊन शिबंदीसह वेढ्यातून आरपार निघून गेला. साडेतीनशेच्या वर माणसं त्याने गमावली, पण बाकीची बार्बा देल पुएर्कोच्या पुलावरून सुटली. वेलिंग्टन इतका भडकला की बस. पूल अडवायला जी पलटण वेळेवर पोचली नाही तिच्या लेफ्टनंट कर्नल बेव्हनवर सगळं खापर फुटलं, खरं तर हुकूमच त्याच्याकडे उशिरा पोचला होता असं त्याच्या बाजूने बोलणारे सांगतात, आणि दोन महिन्यांनी त्याने स्वत:ला गोळी घालून घेतली.

बघा आता दोन स्फोटांतला फरक. 1811 मध्ये पद्धतशीर सुरुंग लावून, ठरवून, मुद्दाम तारा उडवायचा प्रयत्न केला, तरी तो दुरुस्त होण्याइतका उरला, वेलिंग्टनने डागडुजी करून परत शिबंदी बसवली, आणि पुढेही किल्ला लष्कराच्या कामी येत राहिला, 1844 च्या बंडात परत एकदा वेढाही बघितला. शेवटचं लष्कर इथून 1927 मध्ये हललं, दुसऱ्याच वर्षी तो राष्ट्रीय स्मारक झाला. 1810 चा स्फोट कोणी ठरवून केलेला नव्हता, आणि त्यानंतर बालेकिल्ला परत बांधायचा विचार कोणी गंभीरपणे केला नाही. कशाला करतील, किल्ला म्हणून त्याचं काम दीडशे वर्षांपूर्वीच संपलं होतं.

आज तिथे गेलं तर दुहेरी वळणाच्या दरवाजातून, खंदकावरच्या पुलावरून आत येतो, तळघरांतलं संग्रहालय बघतो, तटावरून अख्खी फेरी मारता येते. बालेकिल्ल्याच्या जागी खंदक, पायाचे दगड आणि भिंतींचे बुंधे. दर ऑगस्टात गावात त्या वेढ्याचा खेळ होतो, जुन्या गणवेशातली माणसं युरोपभरातून येतात, तोफांचे आवाज होतात, धूर होतो, आणि दारू अर्थातच मोजून, थोडी थोडी, वेगवेगळ्या पेट्यांत आणतात.